टोपी काढून आत यावे

काचेवर पाटी आहे:
हेल्मेट, टोपी, गॉगल काढून आत यावे.
पाटी बँकेची, सांगायचं काम माझं.
माझ्या डोक्यावर एजन्सीची निळी टोपी,
ती काढलेली दिसली की पन्नास रुपये कापतात.

नोव्हेंबरात घणसोलीचे म्हातारे येतात
हयातीचा दाखला द्यायला.
छातीशी पिशवी, पिशवीत पासबुक,
पासबुकात आधारची चौघडी झेरॉक्स.
कुणाला सून धरून आणते.
एक बाई दरवर्षी नथ घालून येते,
फोटो निघणार म्हणून.

जोमा म्हात्रे एकटेच आले.
पांढरी टोपी, नीळ दिलेली, कडक,
पुढचं टोक होडीच्या नाळेसारखं.
मी पाटीकडे बोट केलं.
त्यांनी पाटी वाचली, दोनदा वाचली असावी,
मग मला विचारलं,
"कोन मेला रं?"

मला कळलंच नाही.
"उघड्या डोक्यानं जायचा त
घरातला कोनतरी मेला पायजे ना?"

आमच्या वाशिमकडेही तसंच आहे.
मागच्या वैशाखात बाप गेला.
फोन आला नऊ वाजून दहाला,
बदली माणूस आला अडीचला.
मधले सगळे तास मी ह्याच काचेपाशी,
टोपी घालून,
दार उघडत, "या साहेब" म्हणत.
गावी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.
भाऊ काही बोलला नाही.
नुसतं माझ्या केसांकडे बघत राहिला,
टोपीचा गोल वळ होता त्यांच्यावर, चेपलेला.

"कॅमेऱ्याला कपाळ दिसायला लागतं, बाबा.
नियम आहे."
"माझापन हाय ना नियम.
कंपनीत पस्तीस वर्सं हेल्मेट घातला,
त्याच्या खाली हीच टोपी, घडी करून.
साहेब विचारायचा, आत काय हाय?
मी सांगायचो, डोका."

मग जरा थांबून म्हणाले,
"जमिनी गेल्या तवा ज्यानं त्यानं
टोपी घातलीच आमाला.
काढ म्हनून सांगनारा तूच पयला."

मागे रांग खोळंबली.
नथवाली बाई म्हणाली, "काढा हो दादा, मिंटाचं काम."
त्यांनी काढली.
कपाळाच्या वरचं डोकं इतकं गोरं
की ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं,
कधी घराबाहेर न पडलेल्या माणसाचं.
एका हातानं ते झाकत
दुसऱ्यानं टोपी माझ्यापुढे धरली.
"धर. खाली ठेवू नको. खुर्चीवर पन नको."

मी ती दोन्ही हातांत घेतली,
आत खोबरेल तेलाचा डाग, होडीच्या तळातल्या पाण्यासारखा.
मॅनेजर आले. मला सलाम ठोकता आला नाही.
त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं,
दार त्यांचं त्यांनी उघडलं.
काचेतून दिसत होतं,
यंत्रापुढे एक उघडं डोकं वाकलेलं,
बोट दाबतंय, पुसतंय, परत दाबतंय.

वीस मिनिटांनी बाहेर आले.
"जिता हाय म्हने मी."
टोपी घेतली, फुंकर मारली,
एटीएमच्या काचेत बघून बसवली,
नाळ किंचित डावीकडे.
जाता जाता वळले.
"तुजी कवा उतरते?"
"रात्री आठला."
त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
कळलं नाही.

पाठोपाठ एक पोरगा आला, जेवणाचे डबे पोचवणारा,
पाठीवर चौकोनी पेटी, डोक्यावर हेल्मेट.
मी पाटीकडे बोट करायच्या आत
त्यानं ते काढलंसुद्धा,
आणि कुठे ठेवावं ते न सुचून
इकडेतिकडे बघत उभा राहिला.

मी दोन्ही हात पुढे केले.